कागद कुठं ठेवला?

मिरचीवाल्याचा सीपीयू उघडायचा असला की आधी तोंडाला दुपट्टा बांधावा लागतो. आत पंख्याच्या पात्यांवर तांबूस थर बसलेला असतो, हीटसिंकच्या खाचांत मिरचीच्या बिया अडकलेल्या असतात आणि ब्लोअर लावला की मुनीमापासून हमालापर्यंत सगळं दुकान शिंकत बाहेर पळतं. नागपुरात कळमन्याच्या बाजार यार्डात मी अठरा वर्षं हे काम करतोय. अडत्यांच्या दुकानात टॅली टाकून देणं, बिलाचा प्रिंटर अडकला की सोडवणं, गोदामातले कॅमेरे सुरू ठेवणं. हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, सुरू व्हायच्या आत संगणक चालू झाला पाहिजे, एवढाच आमच्या धंद्याचा नियम. भिवापूरची मिरची असो की काटोलचा संत्रा, माल माझ्यासाठी थांबत नाही.

या कामात क्रिप्टोचं वॉलेट कुठून आलं, ते सांगतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत मिरची लाइनमधला एक तरुण व्यापारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. त्याच महिन्यात बिटकॉइनने पहिल्यांदा पन्नास हजार डॉलरचा भाव ओलांडला होता आणि यार्डातल्या चहाच्या टपरीवरही त्याचीच चर्चा होती. पुण्यातलं गेनबिटकॉइनचं प्रकरण त्याला तोंडपाठ होतं. अठरा महिने दरमहा दहा टक्के देऊ असं सांगून त्या योजनेने देशभरातल्या लोकांचे पैसे घेतले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला धरलं. "मले कोणाच्या योजनेत नाही टाकायचं भाऊ," तो म्हणाला, "थोडंसंच घेतलं, पण ते माह्याच हातात पाहिजे. लॅपटॉपवर वॉलेट टाकून द्या."

मी इलेक्ट्रम टाकून दिलं. हे २०११ पासूनचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवरही चालतं. नवीन वॉलेट बनवताना ते इंग्रजीतले बारा शब्द दाखवतं आणि ते लिहून घ्यायला सांगतं. त्याने समोर पडलेल्या अडतीच्या कोऱ्या चिठ्ठीवर ते लिहिले. मग फाइलला पासवर्ड घातला. तो चिठ्ठीची घडी करून शर्टाच्या खिशात टाकत असताना मी त्याला तीनदा बजावलं: हे शब्द कोणाला सांगायचे नाहीत. मित्राला नाही, भावाला नाही, बायकोलासुद्धा नाही.

त्याने माझा शब्द न् शब्द पाळला. एप्रिलमध्ये नागपुरात कोरोनाची दुसरी लाट जोरात होती, तेव्हा आठ दिवस तो ऑक्सिजनवर होता. नवव्या दिवशी गेला. जूनमध्ये त्याची बायको माझ्या दुकानात आली. मिरचीच्या नमुन्याची असते तशा कापडी पिशवीत गुंडाळलेला तो लॅपटॉप तिने टेबलावर ठेवला. "हे म्हणायचे, लॅपटॉपमध्ये पैसे आहेत. तुम्ही काढून द्या भाऊ."

लॅपटॉपमध्ये पैसे नसतात, हे मला तेव्हा त्या बाईला समजावून सांगावं लागलं, आणि सांगताना मलाही ते पहिल्यांदाच नीट समजलं. बिटकॉइनची वही एकच आहे आणि तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. कोणत्या पत्त्यावर किती जमा, हे त्या वहीत लिहिलेलं असतं आणि कोणीही उघडून पाहू शकतं. लॅपटॉपमध्ये असते ती फक्त त्या पत्त्याची किल्ली. किल्ली तयार होते त्या बारा शब्दांतून. शब्द असले तर लॅपटॉप नाल्यात पडला तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या संगणकावर ते टाकले की सगळं परत येतं. शब्द नसले आणि फाइलचा पासवर्डही नसला, तर लॅपटॉप डोक्याशी घेऊन झोपून काही उपयोग नाही. बँकेत वारसाचं प्रमाणपत्र दाखवता येतं, मॅनेजरपुढे बसून रडता येतं. इथे मॅनेजरच नाही. कोर्टाने हक्क दिला तरी किल्ली कोर्टालाही देता येत नाही.

आम्ही प्रयत्न केले. आधी त्या फाइलच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर काढल्या आणि मूळ फाइलला हात लावला नाही. मग तीन संध्याकाळी ती आणि तिचा दीर माझ्याजवळ बसले. पोराची जन्मतारीख, गाडीचा नंबर, दुकानाचा गाळा नंबर, सासूचं माहेरचं नाव. इलेक्ट्रम चुकलेल्या पासवर्डला कुलूप लावत नाही, हवे तितके वेळा विचारतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ते मनातलं कधी बोलतच नव्हते हो." त्यानंतर आम्ही थांबलो.

चिठ्ठीचा शोध घरच्यांनी घेतला. देवघर, पोथ्या, शिलाई मशीनचा खण, पासबुकं, गाडीची डिक्की. दुकानातली मागच्या हंगामाची चिठ्ठ्या-बिलं मे महिन्यातच रद्दीत गेली होती. त्यांच्यासारखीच दिसणारी एक चिठ्ठी त्यांत गेली असेल का, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. मी त्याला साधा वेगळा कागद दिला असता तर!

एक गोष्ट मात्र सापडली. पैसे जमा करायचा पत्ता त्याने फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवरून आपल्या भावाला पाठवून ठेवला होता. तो त्या उघड्या वहीत टाकून पाहिला. पाव बिटकॉइनहून थोडी कमी रक्कम, जशीच्या तशी. पाहता येते, हलवता येत नाही. पुढे ही गोष्ट कोणाच्या तरी बोलण्यातून बाहेर गेली आणि तिला फोन यायला लागले. आम्ही वॉलेट उघडून देतो, आगाऊ पंधरा हजार टाका, फाइल मेल करा. मी तिला एकच सांगितलं, वहिनी, असं म्हणणारा प्रत्येक माणूस चोर समजा. तिने माझं ऐकलं. त्या काळातली मला स्वतःबद्दल समाधान देणारी तेवढीच एक गोष्ट आहे.

चोरांपासून कसं वाचायचं, हे मी त्याला शिकवलं होतं. घरच्यांपर्यंत कसं पोचायचं, हे शिकवलं नव्हतं. सुरक्षा म्हणजे या दोन्ही गोष्टी. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी कोणाचंही वॉलेट टाकून दिलं नाही. रात्री बसून वाचत राहिलो, घरच्या जुन्या मशीनवर वॉलेट बनवत आणि पुसत राहिलो.

मग १८ जुलै २०२४ आला. वझीरएक्स या मोठ्या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून तेवीस कोटी डॉलरच्या वरची चोरी झाली, जवळजवळ दोन हजार कोटी रुपये, आणि ग्राहकांचे पैसे काढणं बंद झालं. चार-पाच दिवसांनी धान्य यार्डातले एक अडते माझ्याकडे आले. त्यांना मी काकाजी म्हणतो. त्यांचं बिटकॉइन दुसऱ्या एक्स्चेंजवर होतं, त्याला काही झालं नव्हतं, पण त्यांची झोप गेली होती. "बेटा, माहे पैसे त्यायच्या तिजोरीत कायले ठेवू मी? मले माह्या घरी आणून दे."

मी दोन अटी घातल्या. दुकानातल्या संगणकावर वॉलेट टाकणार नाही. आणि पोरीला सोबत बसवायचं. त्यांची मुलगी सीएची आर्टिकलशिप करत होती.

पहिली अट त्यांना पटेना. दुकानात पाच हजारांचा यूपीएस, एसी, कॅमेरा, आणि तिथंच नको? पण यार्डातला संगणक कसा असतो ते मला माहीत आहे. विंडोजची चोरटी कॉपी, टॅलीवाल्याला दुरून पाहता यावं म्हणून कायम चालू ठेवलेलं रिमोट सॉफ्टवेअर, दिवसभरात चार जणांचे पेन ड्राइव्ह, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. एका धान्याच्या दुकानात मी स्वतः पाहिलं होतं: पोरगा पत्ता कॉपी करायचा आणि पेस्ट केला की वेगळाच पत्ता उमटायचा. व्हायरस मधल्या मध्ये पत्ता बदलत होता. सुरुवातीची दोन अक्षरंही तीच, म्हणून त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्या पत्त्यावर गेलेले पैसे परत मागायला जगात कोणतंही ऑफिस नाही.

रविवारी मी काकाजींच्या घरी वर्धमाननगरला गेलो. पोरीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप होता. त्याची डिस्क पूर्ण पुसून उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मग इलेक्ट्रमच्या मूळ साइटवरून फाइल उतरवली आणि लगेच उघडली नाही. आधी तिची सही तपासली. बनवणाऱ्याची डिजिटल सही फाइलसोबत येते, ती जुळली तरच फाइल खरी. २०१८ च्या डिसेंबरात वॉलेट उघडल्यावर "नवीन आवृत्ती घ्या" असा खोटा निरोप दाखवून चोरांनी इलेक्ट्रमवाल्यांचे बिटकॉइन पळवले होते. ज्यांनी सही न पाहता ती आवृत्ती टाकली, त्यांचेच पैसे गेले. काकाजींना हे एका वाक्यात समजलं. पोत्याला सळई टोचून आतला दाणा हातावर घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात सौदा केलेला नाही.

सही जुळली. मग मी लॅपटॉप उलटा केला, खालचं झाकण काढलं, वायफायच्या कार्डाच्या दोन बारीक वायरी सोडवल्या, स्क्रू काढला आणि ते बोटाच्या पेराएवढं हिरवं कार्ड काकाजींच्या तळहातावर ठेवलं. या लॅपटॉपने आता पुन्हा कधी इंटरनेट पाहायचं नाही. किल्ली याच्यात जन्मेल आणि याच्यातच राहील.

शब्द उमटायच्या आधी सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात ठेवायला लावले. पोरीला राग आला असावा, पण आजकाल हात आपोआप फोटो काढतो आणि फोटो आपोआप क्लाउडवर जातो. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. "तू काऊन तिकडे?" काकाजींनी विचारलं. मी म्हटलं, शब्द माझ्यापासूनही लपवा. उद्या काही गेलं तर तुमचा पहिला संशय माझ्यावर यायला नको, आणि यायला जागाही नको.

पोरीने पेन्सिलीने लिहायला घेतलं. पेन्सिलीचा आग्रह माझा. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे अंबाझरी ओसंडला आणि सीताबर्डीच्या बाजूला घरादुकानांत पाणी शिरलं, त्यानंतर पंधरा दिवस माझ्याकडे भिजलेले संगणक येत होते. त्यांच्यासोबत भिजलेल्या वह्याही पाहिल्या. जेल पेनचं अक्षर निळ्या डागात विरघळलेलं होतं, पेन्सिलीची बेरीज-वजाबाकी मात्र जागच्या जागी वाचता येत होती.

काकाजींना इंग्रजी वाचता येत नाही. "मराठीत लिहिले तर?" त्यांनी विचारलं. चालत नाही. शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतूनच येतात. या पद्धतीच्या याद्या जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांत आहेत, हिंदी-मराठीत अजून नाही. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी ठेवलेली आहेत, म्हणजे शेपूट पुसलं तरी शब्द ओळखता येतो. त्या यादीत ऑरेंज आहे, मार्केटही आहे. काकाजी खूश झाले. त्यांच्या बारांत ते आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

कागदावर शब्दांच्या डोक्यावर मी दोन गोष्टी लिहायला लावल्या: "इलेक्ट्रम" आणि तारीख. इलेक्ट्रमचे बारा शब्द दुसऱ्या वॉलेटांच्या पद्धतीत सरळ चालत नाहीत. दहा वर्षांनी हा कागद ज्याच्या हातात पडेल, त्याला कुलूप कोणतं हेच ठाऊक नसेल तर किल्ली फुकट.

यानंतरचं काम लोक करत नाहीत, आणि मी आता त्याच्याशिवाय उठत नाही. एक पैसाही न टाकता मी पोरीला वॉलेटचा पहिला पत्ता कागदावर उतरवायला लावला आणि वॉलेटची फाइल पुसून टाकली. काकू दारात उभ्या होत्या, त्या "अगं बाई" म्हणाल्या. मग पोरीने कागदावरून बारा शब्द टाकले. सातवा शब्द चुकला होता, एक अक्षर उलटसुलट. वॉलेट पुढे जाईना. तिने कागदावरचं अक्षर पुन्हा पाहिलं, नीट टाकलं, आणि तोच पत्ता पडद्यावर आला. बेचाळीस अक्षरं-आकडे, पोरीने मोठ्याने वाचले, काकूंनी बोट ठेवून तपासले.

काकाजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पेटी हे नाहीच. पेटी तो कागद आहे."

मला त्या गेलेल्या माणसाची चिठ्ठी आठवली.

पैसे त्या दिवशी आणले नाहीत. पोरीच्या रोजच्या लॅपटॉपवर फक्त पाहण्यापुरतं वॉलेट टाकलं. त्यातून शिल्लक दिसते, नवीन पत्ता घेता येतो, पण खर्च करता येत नाही, कारण किल्ली तिथे नाही. कधी विकायचं झालं तर व्यवहार तिच्या लॅपटॉपवर लिहायचा, पेन ड्राइव्हने या बंद लॅपटॉपवर न्यायचा, इथे सही करायची आणि परत आणून पाठवायचा. सोमवारी तिने एक्स्चेंजवरून आधी दोन हजार रुपयांएवढंच पाठवलं. साधारण दहा मिनिटांनी वहीचं नवं पान जोडलं जातं, अशी सहा पानं होईपर्यंत आम्ही थांबलो. मग बाकीचं. कराचा हिशेब तिनेच बापाला सांगितला: १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के आणि वर सेस, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. आपल्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही, पण खरेदीचा पुरावा आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक तिने छापून फाइलला लावला. काकाजींच्या वहीत तो पहिला बिटकॉइनचा कागद.

शब्दांच्या दोन प्रती झाल्या. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. यार्डात एकही नाही. मिरचीच्या पोत्यांना आग लागली की काय उरतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि मग मी त्यांना पत्र लिहायला लावलं. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम तेच होतं आणि त्याला संगणक लागत नाही. शब्द त्यात लिहायचे नाहीत. फक्त एवढंच: काय आहे, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, कागद कुठं कुठं आहेत, आणि मी नसलो तर काय करायचं. काकाजी अडखळत होते. हयात असताना स्वतःच्या नसण्याबद्दल लिहायचं म्हणजे कोणाचाही हात जड होतो. पण दोन ओळी झाल्यावर ते सुरू झाले, अडतीच्या चिठ्ठीवर लिहितात तसे, आपल्याच बोलीत. "लॅपटॉप विकू नका. कोणी फोन करून शब्द मागितले तर देऊ नका, मग तो पोलीस म्हणवत असो का बँकवाला. घाई करू नका. पोरीले विचारा. तिले नाही समजलं तर कळमन्याच्या कॉम्प्युटरवाल्या पोराले बोलवा, पण शब्द त्याले बी दाखवू नका." शेवटचं वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, काकाजी, बरोबर लिहिलं.

पाकीट काकूंसमोर बंद केलं. दर दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी ते उघडून वाचायचं, पोरीने एकदा शब्द टाकून तपासायचे, पुन्हा बंद करायचं, असं ठरलं. २०२४ ची दिवाळी झाली, २०२५ ची झाली. दोन्ही वेळा पोरीचा फोन आला, एकाच शब्दाचा: "जुळलं."

तेव्हापासून मी सहा घरी वॉलेट लावून दिलं. दोघांना नाही म्हटलं, कारण त्यांना घरच्यांना सांगायचं नव्हतं. बिटकॉइन घ्यावं की नाही, हे मी कोणाला सांगत नाही, तो माझा विषय नाही. भाव चढतो, पडतो, सरकार उद्या काय ठरवेल ते सरकारला माहीत. पण ज्याने घेतलं आहे, त्याच्या हातावर मी ते हिरवं कार्ड ठेवतो, त्याच्याकडून वॉलेट पुसून परत आणवतो आणि पत्र लिहून घेतल्याशिवाय चहा घेत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असे बारा किंवा चोवीस शब्द असतील, तर आज जेवण झाल्यावर घरातल्या एका माणसाला जवळ बसवा. शब्द सांगू नका. कागद कुठं ठेवला, एवढं सांगा.

तो कापडी पिशवीतला लॅपटॉप अजून माझ्या कपाटात आहे. बॅटरी फुगली म्हणून काढून वेगळी केली, डिस्क ठीक आहे, दोन्ही प्रती ठीक आहेत. वहिनी आता स्वतः गाळा चालवतात, पहाटे हर्रासाला उभ्या राहतात. हंगामात एखाद्या संध्याकाळी येतात, एक-दोन आठवलेले पासवर्ड कागदावर लिहून आणतात, आम्ही टाकून पाहतो. मागच्या आठवड्यात आल्या होत्या. पासवर्ड जुळला नाही. पत्ता उघडून पाहिला, रक्कम तिथेच आहे.